पाव सूत

भवानी पेठेतल्या त्या बोळात आजही कोडम मास्तरांचं घर विचारलं तर क्षणभर कुणाच्या लक्षात येत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "बारावाले व्हय? ते कोपऱ्यावरचं, निळ्या दाराचं." मास्तर जाऊन वर्ष होत आलं, पण नाव तेच राहिलं. समोरच्या नरसव्वांच्या घराचे मास्तरांनी बारा वाजवले, म्हणून ते बारावाले. लोकांना एवढंच माहीत आहे.

बारा मी वाजवले. नंतर चौकशीच्या खोलीत मास्तरांच्या तोंडचा एक शब्द मी गाळला आणि त्यांचं चांगलं नाव कायमचं गेलं. आठ वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. घरी बायकोलाही नाही. ती विचारायची, भवानी पेठेतून जवळचा रस्ता असताना तुम्ही एवढा वळसा का घालता? मी म्हणायचो, तिकडं गर्दी असते.

आमचा धंदा रस्ता न उकरता रस्त्याखालून पाइप नेण्याचा. एका बाजूच्या खड्ड्यात यंत्र ठेवायचं, ते जमिनीखालून आडवं भोक पाडत पलीकडच्या खड्ड्यात निघतं. भोक पाडणारं जे टोक, ते बिट. आमच्या बिटाला तीन बारीक तोंडं होती. त्यांत नोझल बसवायची आणि पंपानं त्यांतून दाट, मातकट पाणी सोडायचं. ते पाणी पुढची माती सैल करतं आणि दगडाचा चुरा मागं वाहून आणतं. त्या धारेचा वेग किती ठेवायचा, हे ठरवणं म्हणजे अर्धा धंदा. वेग कमी पडला तर चुरा साचून बिट अडकतं. जास्त झाला तर धार पाइपाला लागतं त्याच्या कितीतरी पट मोठं भगदाड पाडते, आणि वर काय उभं आहे हे तिला दिसत नाही.

हा वेग मास्तर काढायचे. भिंतीवरच्या तेलुगू कॅलेंडरचं उलटलेलं पान, त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं.

लिंगय्या कोडम. अंगानं किरकोळ, चष्म्याची काच जाड. विणकराचं घर. तरुणपणी मागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारे. मग आंध्रात, समुद्राकडच्या तेलविहिरींवर बरीच वर्षं काढून परत आले. घरात तेलुगू, साइटवर सोलापुरी मराठी, आणि रागावले तर दोन्ही बंद. शर्टाच्या खिशात फडक्यात गुंडाळलेल्या पोलादी काड्या असायच्या, प्रत्येक काडीची जाडी ठरलेली. नवं नोझल आलं की पुडी न वाचता आधी काडी घालून बघायचे. पुडीवर लिहिलंय की, असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, पुडी बोलती ते बोलू दे. पंप सुरू करायच्या आधी चपला काढायचे. मागावर बसताना काढतात तशा, जोडीनं एका बाजूला. साइटवरचे लोक हसायचे. मास्तरांना त्याचं काही नव्हतं.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. मोहोळचा, डिप्लोमा, मग डिग्री, दोन कंपन्या करून आलेलो. मालकांनी सांगितलं होतं की मास्तरांच्या हाताखाली राहा, पुढं तुम्हालाच बघायचंय. पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, "बाराची तीन नोझल. मिळून किती?"

मी छत्तीस म्हणालो.

"बारा काय?"

मला प्रश्न कळला नाही.

"बारा भाकऱ्या? बारा म्हशी? आकड्याला आडनाव पाहिजे की, देशमाने. नुसता आकडा अनाथ असतोय. कुणाच्याबी घरात घुसतोय."

मग त्यांनी सूत समजावलं. सोलापुरातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला सूत माहीत असतं, इंचाचा आठवा भाग. तेलविहिरीवरच्या नोझलांचं माप त्याच्याही चौथाईत मोजतात. मास्तर त्याला पाव सूत म्हणत. नोझलवर बारा लिहिलंय म्हणजे बारा पाव सूत, म्हणजे तीन सूत, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. विणकराच्या पोराला आयुष्यभर सूतच मोजायला मिळालं, एवढा एक विनोद ते स्वतःवर करायचे.

आणि छत्तीस का चूक, तेही सांगितलं. बारा-बाराची तीन तोंडं म्हणजे छत्तीसाचं एक तोंड होत नाही. तोंडांच्या रुंदीची बेरीज करायची नाही, तोंडांच्या क्षेत्रफळाची करायची. पंप मिनिटाला किती पाणी ढकलतो त्याला त्या एकूण क्षेत्रफळानं भागायचं, की आला वेग. मग मला अंगणातल्या नळाशी नेलं, नळी हातात दिली आणि तिच्या तोंडावर माझाच अंगठा दाबून धरला. धार कंपाउंडवर जाऊन आपटली. म्हणाले, "पाणी तेवढंच हाय. तोंड दाबलं की धावतंय."

माझ्या अडतिसाव्या वर्षी मला नळी धरायला लावली, हे मला आवडलं नव्हतं. तेही आजच लिहितोय.

दुसरा प्रसंग मोहोळजवळचा. हायवेखालून पाण्याची लाइन न्यायची होती, वाहतुकीची परवानगी मोजक्या तासांची. काम निम्म्यावर असताना मास्तरांनी हात वर करून पंप थांबवायला लावला. दाबाचा काटा त्यांच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा वर गेला होता. मालक फोनवर, अधिकारी डोक्यावर, सगळे म्हणत होते की एवढं चालतं. मास्तर डांबराला कान लावून पालथे पडले, तसेच दोन मिनिटं राहिले, आणि उठून बिट बाहेर काढायला सांगितलं. अर्धा दिवस गेला. बिट बाहेर आलं तेव्हा एका नोझलात सुतळीचा बोळा होता, पाण्यात कालवायच्या मातीच्या पोत्याच्या शिवणीतली सुतळी. तीनपैकी एक तोंड बंद, म्हणून उरलेल्या दोघांची धार दीडपट.

ऑपरेटर म्हणाला, "मास्तर, सुतात सूत अडाकलं की."

मास्तर हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कागद आन् काटा भांडायला लागले तर काट्याचं ऐकायचं. कागद आपला असतोय, आपल्याच बाजूनं बोलतोय."

हे वाक्य मी ऐकलं, समजलो, आणि त्या संध्याकाळी डायरीतही लिहिलं. म्हणून पुढं जे केलं ते अज्ञानातून केलं, असं मला म्हणता येत नाही.

मग त्यांच्याच बोळातलं काम आलं. भवानी पेठेत त्या टप्प्यावर खाली दगड आहे, पण मधल्या पंधरा-वीस पावलांत पूर्वी ओढा होता. तो राख आणि राडारोडा टाकून बुजवला, वर फरशी आली, घरं आली. नकाशात तो ओढा नाही. मास्तरांच्या डोक्यात होता. लहानपणी त्यात सूत धुतलेलं ते सांगायचे. तेवढ्या पट्ट्यात धार सेकंदाला वीस मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी चार वेळा बजावलं. ओढ्याच्या बरोबर वर नरसव्वांचं घर होतं. नरसव्वा म्हणजे मास्तरांच्या समोरच्या, विधवा बाई, दिवसभर ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. आम्ही खड्डा घेतला तेव्हा त्यांनी मास्तरांना विचारलं होतं, माझं घर पाडणार काय? मास्तर म्हणाले होते, मी हाय की.

नेमका त्याच दिवशी मास्तरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तारीख पुढं ढकलायला ते तयार होते, मीच म्हणालो, जाऊन या, मी बघतो. दुपारी त्यांचा दवाखान्यातून फोन आला. पंप अजून सुरू नव्हता, आवाज स्वच्छ येत होता.

"बाराची तीन घाल. बारा पाव सूत. काडी घालून बघ. पंप किती ठेवायचा ते काढ आन् सुरू करायच्या आधी मला वाचून दाखव."

मी बरं म्हणालो. लॅपटॉप उघडला. माझ्या तक्त्यात व्यासाचा रकाना मिलिमीटरचा होता. त्यात मी बारा टाकले. का टाकले, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. शब्द कानात होता, बोटांत नव्हता. तक्त्यानं सांगितलं, मिनिटाला चारशे लिटर, वेग वीसच्या आत. खरं तर त्या नोझलांना अडीचशे लिटर पुरले असते. चारशेला धार एकतीसवर जात होती.

काडी घातली नाही. आणि फोन केला नाही. डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला कशाला त्रास, असं मी ऑपरेटरला म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. चाळिशीला आलेल्या माणसानं बेरीज वाचून दाखवायची आणि पलीकडून कुणी 'बरं हाय' म्हणायची वाट बघायची, हे मला नको होतं.

पंप सुरू झाला तसा काटा माझ्या कागदापेक्षा दुपटीच्या वर गेला. मी काचेवर टिचकी मारली. ऑपरेटरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, गेज जुनं आहे. मागच्या आठवड्यात ते एकदा अडकलं होतं, हे खरं होतं, आणि मला त्या वेळी तेवढंच खरं हवं होतं.

वीसेक मिनिटांनी बोळातल्या फरश्यांच्या सांध्यांतून मातकट पाणी वर आलं. मी थांबवा म्हणून ओरडलो. पंप थांबला. पाणीही थांबलं, आणि क्षणभर वाटलं की वाचलो. मग नरसव्वांच्या ओट्यापुढची जमीन आवाज न करता खाली बसली, आणि ओट्यामागची भिंत ओट्यावर आली. तंबाखूचं सूप उडून माझ्या पायाशी पडलं. बाई जिवंत निघाल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

मास्तर संध्याकाळी दवाखान्यातून थेट तिथं आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. आधी नरसव्वांना कुठं नेलं ते विचारलं. मग बाहेर काढलेल्या बिटापाशी उकिडवे बसले, फडकं सोडलं आणि काडी घातली. तीन सुताची काडी बरोब्बर बसली. माझ्या लॅपटॉपकडे बघितलं. एकच शब्द विचारला.

"मिलिमीटर?"

मी मान हलवली. त्यांनी काड्या परत गुंडाळल्या.

चौकशी अकरा दिवसांनी झाली. त्या अकरा दिवसांत मास्तर मला रोज भेटले आणि त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं ते सोडून देतायत. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

चौकशीची खोली लहान होती. टेबलामागं दोन अधिकारी, अलीकडं मालक, मास्तर आणि मी. एका अधिकाऱ्यानं नोझलाची पुडी उचलून बघितली, तिच्यावर नुसतं बारा छापलेलं होतं. त्यानं मला विचारलं, तुम्हाला माप काय सांगण्यात आलं?

"बारा."

"फक्त बारा? एकक?"

इथं मला थांबता आलं असतं. मास्तर माझ्या डावीकडं होते, पट्टी नसलेला डोळा माझ्या बाजूला. माझी मुलगी, घराचा हप्ता, असलं काही माझ्या मनात आलं नव्हतं. नंतर मी ती कारणं जमवली. त्या वेळी फक्त भीती होती, अगदी साधी, मार खायच्या आधी असते तशी.

"फक्त बारा," मी म्हणालो.

अधिकारी मास्तरांकडे वळला. कोडम, तुम्ही एकक सांगितलं नव्हतं? मास्तर एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिले. मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता सांगतील, आता सांगतील. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"ऱ्हाऊन गेलं असंल, साहेब," ते म्हणाले. "आकड्याला आडनाव लावायचं माझ्याकडनं ऱ्हाऊन गेलं असंल."

आयुष्यात जे त्यांनी कधीच केलं नाही, नेमकं तेच स्वतःच्या नावावर लिहून घेतलं.

मालकांनी त्यांना आता विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. त्यांची खुर्ची मला मिळाली. कंपनीनं भिंत बांधून दिली, दवाखान्याचं बघितलं. बोळानं मास्तरांना नाव दिलं. शेजारणीला 'मी हाय' म्हणणाऱ्या माणसानं शेजारणीचं घर पाडलं, याहून चविष्ट काय असतं? मुलं दारावरून जाताना बारा वाजले काय म्हणून विचारायची. हे मला ऑपरेटरनं सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी गेलो नाही. सात वर्षं गेलो नाही. गेल्या उन्हाळ्यात कळलं की मास्तर आजारी आहेत, फार दिवस नाहीत. तेव्हा गेलो.

निळं दार त्यांनीच उघडलं. शर्ट अंगावर लोंबत होता, खिशात फडकं तसंच. बायको, पद्मक्का, आत होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि मला ओळखून परत आत गेल्या. मास्तरांनी कसला पंप वापरता, गेज बदलली काय, असं सगळं विचारलं. मी उत्तरं देत होतो. मग मधेच, काहीही संबंध नसताना, माझ्या तोंडातून निघालं, "मास्तर, तुम्ही पाव सूत म्हणाला होता."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "फोन मीच लावला होता."

त्यांनी खिशातलं फडकं चाचपलं. मग म्हणाले, "काडी घातली न्हाईस, ती चूक तुझी. वाचून न दाखवता पंप सुरू होतोय, असली साइट मी चालवली, ती माझी. तेवढी मी घेतली. बाकीची तुझ्याकडंच हाय."

"मी काय करू?"

"मला सांगून काय उपेग? मला ठाऊक हाय." त्यांनी हनुवटीनं दार दाखवलं. "तितं सांग. ज्यांना ठाऊक न्हाय त्यांना."

समोर ओट्यावर नरसव्वा बसल्या होत्या, वॉकर भिंतीला टेकवलेला. मध्ये बोळाची रुंदी, आठ-दहा पावलं. मी उद्या येतो म्हणालो. मास्तरांनी मान हलवली. त्यांच्या त्या मान हलवण्यात कसलाही राग नव्हता. हिशेबाचा आकडा जसा अपेक्षित होता तसाच आल्यावर ते असंच करायचे.

उद्या काही आला नाही. दोन महिन्यांत मास्तर गेले.

नरसव्वांना मी गेल्या महिन्यात सांगितलं. ओट्याखाली उभं राहून, सगळं, फोनपासून चौकशीपर्यंत. त्यांचे हात विडी वळत होते ते थांबले नाहीत. एक विडी झाली, दोरा गुंडाळला, बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "सात वर्षं मी त्या मानसाला बारावाले म्हटले. त्याच्या तोंडावर. आता ते मी कुनाकडनं परत घिऊ?" त्यांनी पुढचं पान हातात घेतलं. त्या म्हणाल्या, "मला सांगिटलास तसं बोळाला सांग." म्हणून हे लिहितोय. छापून आलं की त्या बोळात घरटी देऊन येणार आहे.

पण मास्तर मला आठवतात ते मी 'उद्या येतो' म्हणून उठलो त्या दिवशीचे. दारात आलो तेवढ्यात बोळात गलका झाला. दर पाचव्या दिवशी येणारं नळाचं पाणी आलं होतं. घागरी, हंडे, मोटरी, सगळ्या बायका बाहेर. पद्मक्कांनी आतून मोटर लावली आणि मास्तर माझ्या शेजारून नळी घेऊन उंबऱ्याबाहेर गेले. चपला काढल्या, जोडीनं बाजूला ठेवल्या. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. धार उठली, बोळ ओलांडून गेली आणि समोरच्या ओट्यावर ठेवलेल्या पिंपाच्या मागच्या भिंतीवर पडली. नरसव्वांना घागर उचलता येत नाही, त्या वॉकर धरून पिंपाशी उभ्या होत्या.

"ओ बारावाले, भिंतीवर जातंय की पानी," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी अंगठा केसभर सैल केला. धार खाली आली आणि पिंपात पडायला लागली. ओकटी, रेंडू, मूडू, असं ते तेलुगूत पुटपुटत मोजत होते, पिंप भरायला किती लागतं ते त्यांना ठाऊक असणार. बायका पिंप भरेतोवर धारेच्या अलीकडं-पलीकडं थांबल्या होत्या, कुणी मध्ये येत नव्हतं. मला बाहेर जायचं होतं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही, अंगठाही काढला नाही.

मी त्या धारेखालून वाकून बोळाबाहेर पडलो.